चुलीजवळचा इतिहास : आर्टूर हासेलियस ह्यांचे चरित्र

स्वीडन देशाची राजधानी जी स्टॉकहोम नगरी, तिला लागूनच यूरगोर्डेन नावाचे एक हिरवेगार बेट आहे. त्या बेटावरील टेकडी चढून जाणाऱ्या प्रवाशास वाटेत एका जुन्या शहराची आळी लागते. पायाखाली गोट्यांची फरसबंदी आणि दोहो बाजूंस जुनी, बसकी घरे. एका घरात काच फुंकणारा कारागीर भट्टीसमोर उभा असतो. दुसऱ्यात पुस्तके बांधण्याचे साहित्य मांडलेले असते. तिसऱ्यातून ताज्या पावाचा वास दरवळत येतो. प्रवाशास क्षणभर वाटते की, आपण वाट चुकून शंभर-दीडशे वर्षे मागे गेलो. वास्तविक ही आळी त्या जागी कधीच नव्हती. ह्यांतील कित्येक घरे शहराच्या दक्षिणेकडील कामकरी लोकांच्या वस्तीत उभी होती. नवे रस्ते व नव्या इमारती ह्यांच्या ओघात ती नाहीशी व्हावयाची, परंतु ती उकलून ह्या टेकडीवर आणली आणि पूर्ववत उभी केली. ह्या जागेचे नाव स्कान्सेन. ज्या गृहस्थांनी ती स्थापन केली, त्या आर्टूर हासेलियस ह्यांचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

वस्तुसंग्रहालय म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे राजांच्या तलवारी, जुनी नाणी आणि भंगलेल्या मूर्ती उभ्या राहतात. ह्या वस्तू काचेच्या कपाटांत ओळीने मांडलेल्या असतात व प्रत्येकीपुढे एक चिठ्ठी असते. हासेलियस ह्यांच्या तरुणपणी युरोपातही बहुधा हीच रीत होती. थोरांच्या वस्तू जपाव्या, गरिबांच्या वस्तू झिजल्या की टाकून द्याव्या, असा जगाचा साधारण नियम. ज्या पाळण्यात दहा मुले वाढली तो पाळणा, जिने जन्मभर घरास अन्न दिले ती चूल, ज्या बाकावर बसून म्हाताऱ्याने हिवाळे काढले तो बाक, ह्यांस इतिहासात जागा असू शकते, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले होते. ज्यांच्या ध्यानात आले व ज्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, त्यांत हासेलियस ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८३३ रोजी स्टॉकहोम येथे झाला. वडील सैन्यात मोठ्या हुद्द्यावरचे अधिकारी असून लेखकही होते. आर्टूर ह्यांनी मात्र तलवारीची वाट धरली नाही. उप्साला येथील प्राचीन विश्वविद्यालयात भाषा व वाङ्मय ह्यांचा अभ्यास करून १८६० साली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली आणि शिक्षकाचा पेशा पतकरला. पुढे काही वर्षे शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या तरुणींच्या विद्यालयात ते स्वीडिश भाषा शिकवीत असत. १८६४ साली सोफी नामक सुशील स्त्रीशी त्यांचा विवाह झाला.

शिक्षकी करीत असता भाषेच्या शुद्धलेखनाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. लिहिणे व उच्चारणे ह्यांत मेळ असावा आणि उत्तरेकडील शेजारी भाषांनी एकमेकींच्या जवळ यावे, असे त्यांचे मत होते. १८६९ साली ह्या विषयावर विद्वानांची एक परिषद स्टॉकहोमास भरली. तिच्या कामाचा मोठा भार त्यांनी उचलला व तिचा वृत्तांतही लिहिला. परंतु त्यांच्या सूचनांस वजनदार लोकांकडून विरोध झाला व त्या तशाच राहिल्या. वयाची पस्तिशी उलटलेला, सरकारी अधिकार नसलेला, आवडत्या कार्यात अपयश आलेला एक शिक्षक, अशी त्या वेळी त्यांची स्थिती होती. त्यांचे खरे कार्य अद्याप पुढेच होते.

१८७२ सालच्या उन्हाळ्यात ते पत्नीसह डालार्ना प्रांतात प्रवासास गेले. हा प्रांत जुन्या चालीरीतींविषयी व रंगीबेरंगी पोशाखांविषयी स्वीडनभर प्रसिद्ध. तथापि हासेलियस ह्यांस तेथे निराळेच दृश्य दिसले. गिरणीचे स्वस्त कापड येताच हातमागाचे कपडे पेटीच्या तळाशी जाऊन पडत होते. कारखान्यातील खुर्ची घरात आली की आजोबांनी कोरलेली खुर्ची सरपणात जात होती. आगगाडी जेथे जेथे पोहोचली तेथे तेथे शहराची चाल पोहोचली. शिवाय जमीन अपुरी पडल्यामुळे लोक अमेरिकेची वाट धरीत होते; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दहा लाखांहून अधिक माणसांनी स्वीडन सोडले. पेटी उचलून जहाजावर चढणारा मनुष्य आपल्याबरोबर जाते-येते थोडेच नेतो! मागे राहिलेल्या घराचे दार एकदा बंद झाले म्हणजे आतील जीवनही कायमचे बंद होई.

ह्या दृश्याने त्यांच्या मनास चटका लावला. त्यांनी तेथे एक लोकरी घागरा विकत घेतला. तो कोणा राणीचा नव्हता. स्टोरा टूना नावाच्या गावाकडील सामान्य बाईच्या वापरातला होता. त्यांच्या अफाट संग्रहातील ही पहिली वस्तू होय. एखाद्या मोठ्या कार्याचा आरंभ किती लहान असतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्यानंतर त्यांनी विलंब केला नाही. गावोगावच्या परिचितांस पत्रे लिहिली, वस्तू मागविल्या, विकत घेतल्या, दान म्हणून मिळविल्या आणि २४ ऑक्टोबर १८७३ रोजी स्टॉकहोममधील एका हमरस्त्यावर भाड्याच्या जागेत आपला संग्रह लोकांस खुला केला. परंतु पुढच्याच वर्षी त्यांच्यावर मोठा घाला आला. पुत्र गुन्नार ह्याच्या जन्मानंतर सोफीबाई निवर्तल्या. डालार्नाच्या प्रवासातील सोबतीण दोन वर्षांतच गेली. हाती तान्हे मूल, डोक्यावर वाढता खर्च व घरात पसरलेली शून्यता, अशा स्थितीत पुष्कळांनी हे काम टाकून दिले असते. इतरांच्या मोडणाऱ्या संसारांतील वस्तू गोळा करणाऱ्या ह्या मनुष्याचा स्वतःचाच संसार असा मोडला. तरी त्यांनी काम सोडले नाही. त्यापुढील सत्तावीस वर्षे त्यांनी त्यालाच वाहिली.

आता त्यांच्या मांडणीची रीत काय होती, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण त्यांची कीर्ती केवळ वस्तू जमविण्यावर उभी नाही. एक चरखा घ्या. तो कपाटात ठेवून पुढे चिठ्ठी लावली, तर पाहणाऱ्यास लाकूड व चाक एवढेच दिसते. तोच चरखा खिडकीजवळ ठेवा, शेजारी कापलेल्या लोकरीची टोपली ठेवा, जवळ बुटके बाकडे व हाताशी पाळण्याची दोरी ठेवा. आता न सांगता कळते की, सूत काढणारी बाई दिवसाच्या उजेडावर अवलंबून होती, आणि एका हाताने काम चालू असता तिचे दुसरे लक्ष मुलाकडे होते. चरखा तोच, परंतु आधी तो मुका होता, आता बोलू लागला. वस्तूचा अर्थ तिच्या जागेत व तिच्या उपयोगात असतो, हे हासेलियस ह्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी एकेक वस्तू न दाखविता सबंध खोली दाखविली. खोलीची समोरची भिंत काढलेली, आत त्या त्या प्रांताची चूल, पलंग, भांडी, आणि त्या प्रांताचा पोशाख ल्यालेल्या मनुष्याकृती, अशी ही रचना असे. नाटकगृहात पडदा वर गेल्यावर जसा प्रवेश दिसतो, तसा तो देखावा दिसे.

१८७८ साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी असे देखावे मांडले. त्यांतील एक देखावा आमालिया लिंडेग्रेन ह्या स्वीडिश चित्रकर्त्रीच्या एका प्रसिद्ध चित्रावरून घेतला होता. शेतकऱ्याच्या घरात एक लहान मुलगी मृत्युशय्येवर निजली आहे व घरचे लोक तिच्याभोवती मूकपणे उभे आहेत, असा तो प्रसंग. यंत्रे, तोफा व रेशीम पाहून थकलेले लोक ह्या देखाव्यापाशी येऊन थबकत. भाषा, देश व पोशाख परका. परंतु दुःख ओळखीचे. ज्यांनी स्वतःच्या घरात मृत्यू पाहिला होता, त्या मांडणाऱ्याच्या हातून हा प्रसंग उभा राहिला, ही गोष्ट आम्हांस विसरता येत नाही.

ह्या रीतीवर आक्षेपही आले. मेणाच्या चेहऱ्यांची माणसे उभी करून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणे हे शास्त्र नव्हे, नाटक होय, असे काहींचे म्हणणे होते. त्यात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. पॅरिस येथे हे देखावे पाहून गेलेले डेन्मार्कचे बर्नहार्ड ओल्सेन ह्यांनी ह्या रीतीत महत्त्वाची सुधारणा केली. त्यांनी पुतळे वगळले व खोली चारी भिंतींनिशी अशी उभारली की, प्रेक्षकाने बाहेरून न पाहता उंबरठा ओलांडून आत यावे. खोलीतील माणूस नुकताच बाहेर गेला आहे व आता परत येईल, असे वाटावे, ही त्यातील युक्ती. पाहणाऱ्याची कल्पनाशक्ती स्वतःच ते रिकामे स्थान भरून काढते. पुढील काळातील संग्रहालयांनी हासेलियस ह्यांचा उत्साह व ओल्सेन ह्यांचा संयम हे दोन्ही घेतले.

१८८० साली हासेलियस ह्यांनी आपला संग्रह स्वीडनच्या जनतेस अर्पण केला व त्यास नॉर्डिक संग्रहालय असे नाव दिले. ज्याच्या प्राप्तीसाठी स्वतःचे द्रव्य घातले, कर्ज काढले, ते सर्व दान करून ते स्वतः त्याचे सेवक म्हणून राहिले. राजापासून खेडुतापर्यंत सर्वांपुढे त्यांनी हात पसरला. परंतु तो स्वतःसाठी कधी पसरला नाही. १८८८ साली संग्रहालयासाठी भव्य इमारतीचे काम सुरू झाले. पैसा मिळे तसे काम चाले, पैसा संपला की थांबे.

इतक्यात त्यांच्या मनात दुसरी कल्पना मूळ धरीत होती. खोलीचा देखावा झाला; परंतु खोली घरात असते, घर अंगणात असते आणि अंगण गावात असते. मग घरच का आणू नये? नॉर्वेत राजाश्रयाने काही जुनी घरे एका आवारात आणण्यास १८८१ साली आरंभ झाला होता. हासेलियस ह्यांनी १८८५ साली डालार्नातील मोरा येथून एक जुने लाकडी घर विकत घेतले. स्वीडनमधील अशी घरे ओंडक्यांवर ओंडके रचून बांधलेली असल्यामुळे ती उकलता येतात. प्रत्येक ओंडक्यास खूण करावयाची, गाडीवर घालावयाचे व नव्या जागी त्याच क्रमाने रचावयाचे. यूरगोर्डेन बेटावरील टेकडीवर एक लहानशी तटबंदी होती, तीवरून त्या जागेस स्कान्सेन हे नाव पडले होते. तेथे अशी घरे उभारून ११ ऑक्टोबर १८९१ रोजी त्यांनी हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू केले.

येथे चूल केवळ दाखविण्यापुरती नव्हती, ती पेटलेली असे. प्रांताप्रांतांचा पोशाख केलेली माणसे घरे दाखवीत. सण साजरे होत. जुनी नृत्ये व वाद्ये ह्यांस तेथे आश्रय मिळाला. आज ६ जून हा स्वीडनचा राष्ट्रीय दिन आहे. तो साजरा करण्याचा पायंडा त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात स्कान्सेन येथे पडला. शहरातील गिरणीत राबणारा मजूर रविवारी मुलांस घेऊन तेथे येई व आपण सोडून आलेल्या गावाचे घर त्यांस दाखवी. ज्या घराची त्यास कालपर्यंत लाज वाटे, ते घर पाहावयास राजधानीतील प्रतिष्ठित लोक पैसे देऊन येत आहेत, हे पाहून त्याची मान नकळत ताठ होत असेल.

चरित्र लिहिणाऱ्याने गुणांबरोबर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. उत्तर स्वीडनच्या थंड प्रदेशात रेनडिअर पाळून राहणारे सामी नावाचे लोक आहेत. त्यांच्या वसाहतीचा देखावा स्कान्सेनमध्ये केला तेव्हा जिवंत सामी कुटुंबांस तेथे आणून ठेवण्यात आले व लोक त्यांस पाहावयास येऊ लागले. त्या काळी युरोपात पुष्कळ ठिकाणी असे प्रकार होत असत. हासेलियस ह्यांचा हेतू उपहासाचा होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु चरखा मांडणे निराळे आणि माणूस मांडणे निराळे. ज्याच्या जीवनाचे चित्र आपण उभे करतो, त्यास विचारल्यावाचून व त्याचा मान राखल्यावाचून ते उभे करू नये, हा धडा जग पुढे फार सावकाश शिकले. ज्या मनुष्याने गरिबांच्या पाळण्यासही प्रतिष्ठा दिली, त्याच्या हातून ही चूक व्हावी, ह्यावरून आपणही आपल्या सत्कार्यात सावध राहावे.

आयुष्याच्या अखेरीस हासेलियस स्कान्सेनमधीलच एका घरात राहत असत. २७ मे १९०१ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तेथेच त्यांचे देहावसान झाले आणि त्यांनी जमविलेल्या घरांच्या सान्निध्यातच त्यांचे दफन करण्यात आले. पुत्र गुन्नार ह्यांनी वडिलांचे कार्य हाती घेतले, परंतु १९०५ साली तेही अकाली वारले. भव्य इमारत १९०७ साली उघडली, तीही मूळ बेताच्या सुमारे चतुर्थांशच. पिता-पुत्र दोघांसही ती पूर्ण झालेली पाहावयास मिळाली नाही.

हासेलियस ह्यांचे लक्ष मुख्यतः खेड्यांकडे होते. शहरातील जुन्या वस्त्यांकडे दृष्टी वळविण्याचे काम त्यांच्या मागून आलेल्यांनी केले. डेन्मार्कमधील आर्हूस शहरी १५९७ साली बांधलेले एक वाडेवजा घर पाडले जाणार होते. पेटर होल्म ह्या शिक्षक व भाषांतरकार गृहस्थांनी खटपट करून ते वाचविले. १९०९ सालच्या राष्ट्रीय प्रदर्शनात ते उभे राहिले व १९१४ साली त्याच्याभोवती जुने शहर ह्याच अर्थाच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. इंग्लंडात जॉन कर्क नावाच्या खेड्यातील डॉक्टरांनी जमविलेल्या जुन्या वस्तू यॉर्क शहराच्या स्वाधीन केल्या. तेथील स्त्रियांच्या जुन्या तुरुंगात १९३८ साली दुकानांची सबंध आळीच उभारण्यात आली. स्कान्सेनमध्येही विसाव्या शतकात शहराची ती आळी आली, जिच्यापासून आम्ही ह्या लेखास आरंभ केला.

शहराची वस्ती मांडणे खेड्याच्या घराहून कठीण आहे. शहरात एकाच इमारतीत खाली दुकान, मागे कारखाना, वर मालकाचे घर व माळ्यावर उमेदवारी करणारी मुले, असे चार संसार नांदतात. त्यांतील केवळ मालकाचा दिवाणखाना दाखविला, तर चित्र सुंदर होईल, पण खोटे होईल. शिवाय शहर सतत बदलते. म्हणून मांडणाऱ्याने एक विशिष्ट काळ ठरवून त्यापुढील एकही वस्तू आत येऊ देता कामा नये. गरिबांचे सामान वापरून वापरून संपते, म्हणून तेच मिळणे सर्वांत दुर्घट. कपाट रंगवून नवे दिसेल असे करण्याचा मोहही आवरावा लागतो. कारण हात लागून लागून झिजलेली कडा हीच त्यावरील खरी लिखावट. आर्हूस येथे तर पुढे १९७४ सालची शहरी वस्तीही उभारण्यात आली आहे. तेथे पालकवर्गापैकी कित्येकांच्या बालपणीचे दिवस जुने म्हणून मांडलेले आहेत! कालची गोष्ट जुनी होण्यास फार वेळ लागत नाही, आणि ती जपण्याची वेळ ती जुनी होण्याच्या आधीच येते.

हासेलियस श्रीमंत नव्हते, सत्ताधीश नव्हते. ते एक शिक्षक होते. त्यांस लोक जे टाकीत होते त्याची किंमत कळली, एवढेच. आमच्या विद्यार्थ्यांनी सुटीत एक लहानसे काम करावे. आपल्या घरातील सर्वांत जुनी, निरुपयोगी ठरलेली वस्तू शोधावी. ती कोणी केली, कोठून आली, घरात कोणत्या जागी असे, कोण वापरी, हे आजी-आजोबांस विचारावे व वहीत लिहून ठेवावे. वस्तू कदाचित राहणार नाही. परंतु तिची जागा व तिचा उपयोग लिहिलेला असला, तर ती मुकी होणार नाही. आजी-आजोबा सांगू शकतात तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून हे चरित्र पुरे करतो. स्टॉकहोममधील ज्या घरात आर्टूर हासेलियस ह्यांचा जन्म झाला, ते घरही त्यांच्या मृत्यूनंतर उकलून स्कान्सेन येथे आणण्यात आले. त्यांनी जन्मभर इतरांची घरे वाचविली. मागून आलेल्यांनी त्यांचे घर वाचविले. त्या टेकडीवर आज ते घर इतर सामान्यांच्या घरांबरोबर उभे आहे, आणि त्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी त्याचा धनी विसावला आहे.